डोहातल्या राणीचं कव्हर

अड्याळच्या आमच्या घरी ओसरीत दोन दोऱ्या बांधलेल्या होत्या. एका दोरीवर कपडे वाळत आणि दुसरीवर राक्षस. रंगवून झालेलं चित्र बाबा कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीला लावत, आणि वारा सुटला की माईचं लुगडं आणि लाल जिभेचा राक्षस एकमेकांवर आपटत. माय एका हातानं राक्षस बाजूला सारायची आणि डोक्यावरचं तणसाचं, म्हणजे धानाच्या पेंढ्याचं, ओझं घेऊन तशीच मागच्या अंगणात निघून जायची. घरात सरसाचा वास कायम भरलेला असे. सरस म्हणजे पडद्याच्या रंगात घालायचा गोंद. तो चुलीवर शिजायचा, आणि त्याच चुलीवर नंतर तुरीचं वरण चढायचं. बाहेरून कोणी आलं की नाकाला पदर लावायचं. आम्हाला मात्र तो वास नसला की घर परकं वाटे.

बाबांचा खरा धंदा नाटकाच्या पडद्यांचा. आमच्या भंडाऱ्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की रात्रभर नाटक. त्या नाटकांचे राजवाडे, जंगलं, तुरुंग, चौक हे सगळं बाबांच्या हातचं असे. सगळ्या तालुक्यात त्यांना पेंटर म्हणत. त्यांचं नाव पोस्टमन सोडला तर फारसं कोणाला माहीत नव्हतं. पडद्यांचं काम थंडीपुरतं. उरलेल्या दिवसांत ते दुकानांच्या पाट्या रंगवत आणि नागपूरच्या एका प्रकाशकासाठी पुस्तकांची कव्हरं करत. ती पुस्तकं म्हणजे खिशात मावतील अशा जादूच्या कादंबऱ्या. मांत्रिक, शापित राजपुत्र, उडते गालिचे, सात समुद्रांपलीकडची नगरी. एसटी स्टँडवर आणि जत्रांमध्ये विकली जायची. प्रकाशक एका चिठ्ठीवर चार ओळी लिहून पाठवत: राक्षस, राजकन्या, घोडा, किल्ला. बाबा त्या चार ओळींचं चित्र करत आणि स्वतःच्या मनानं एक सिंह जास्तीचा घालत.

आज मी स्वतः पुस्तकांच्या कव्हरांवरच पोट भरते, तेव्हा स्पष्ट सांगायला हरकत नाही की बाबांची कव्हरं फार वाईट होती. त्यांच्या सगळ्या राजकन्यांचा चेहरा आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरच्या लक्ष्मीचा. मान थोडी डावीकडे, डोळे अर्धे मिटलेले; समोर अजगर तोंड वासून उभा असला तरी तिचं आपलं तेच शांत हसू. घोड्याचे पाय त्यांना जमत नसत. त्यामुळे त्यांचा प्रत्येक घोडा ढगात तरी असे, नाही तर गुडघाभर गवतात. आकाशात सूर्य आणि चंद्र दोन्ही. पुस्तकाच्या नावातून रक्त ठिबकत असे, मग आत परीचं लग्न का असेना. आणि कुठंही रिकामी जागा म्हणून नाही. एक बोटभर कोपरा उरला तर तिथं कवटी.

लहानपणी मला यातलं काही खटकत नव्हतं. पेंटरसाठी म्हणून पुस्तकाची एक प्रत घरी यायची आणि ती सगळ्यांत आधी मी वाचायची. एका कव्हरवर पंखवाला सिंह होता. मी ते पुस्तक जेवताना, गाईला पाणी दाखवताना, सगळीकडे घेऊन फिरले. प्रत्येक पान उलटताना वाटे, आता येईल सिंह. पुस्तक संपलं. सिंह आलाच नाही. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, कुठं पान चिकटलं असेल म्हणून. मग बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, "सुंदर दिसते म्हणून टाकला." त्या दिवसापासून माझ्या मनात एक काटा बसला. पुढं अंध मांत्रिकाच्या पुस्तकावर तीन डोळ्यांचा मांत्रिक आला, वाळवंटाच्या गोष्टीवर धबधबा आला, आणि काटा खोल जात राहिला.

बारावी झाल्यावर तर मनाला कशातच थारा राहिला नव्हता. मी पवनीला कॉलेजात जाऊन-येऊन होते. घरी आले की ओसरीतून अंगणात, अंगणातून ओसरीत. मला नागपूरला चित्रकला शिकायला जायचं होतं. बाबा नाही म्हणत नव्हते, हो सुद्धा म्हणत नव्हते. पडद्यांचं काम कमी होत चाललं होतं; नाटक कंपन्या छापील पडद्यांची भाषा करू लागल्या होत्या. अशा धंद्यात पोरीला कशाला घालायचं, असं त्यांना वाटत असावं. माय मात्र माझ्या लग्नासाठी एका पाहुण्यांची चौकशी करून बसली होती. धान कापणीला आलं होतं, घराशेजारची राईस मिल दिवसभर धडधडत होती, आणि त्या आवाजात मला रोज वाटायचं की आपलं काहीतरी निघून चाललंय आणि आपण इथं सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसलोय.

अशाच एका बाजाराच्या दिवशी विमलबाई आल्या. तिशीच्या आसपासची, काळीसावळी, उंच बाई. वैनगंगेच्या काठावरच्या एका ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या, गावात त्या बालवाडी चालवत. ते गाव गोसीखुर्दच्या धरणात जाणार हे ठरलेलं होतं. कधी, ते कोणाला माहीत नव्हतं. बाईंनी एक कादंबरी लिहिली होती आणि ती आमच्याच प्रकाशकानं घेतली होती. कव्हर अड्याळचे पेंटर करतील असं त्यांना कळलं, म्हणून त्या बाजाराच्या निमित्तानं विचारत विचारत घरी आल्या. माईपुढं त्यांनी सुकलेल्या झिंग्यांची पुडी ठेवली आणि बाबांपुढं कागदांचा गठ्ठा.

बाबा गोंधळले. इतकी पुस्तकं त्यांच्या हातून गेली होती, पण लिहिणारं माणूस त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी चित्राखालची जुनी चादर झटकून बाईंना बसायला दिली आणि गठ्ठा हळूच परत सरकवला.

"एवढं कायले जी? राजा कोन, राक्षस कोन, तेवढं सांगा."

बाईंनी थोडा विचार केला. "राजा नाही जी. राक्षसही नाही."

"मंग हाय काय?"

"एक रानी हाय. म्हातारी."

बाबांनी हे ऐकलं आणि मान हलवली, पण ते त्यांच्या कानाच्या आत गेलं नाही हे मला दिसलं. बाई गेल्या तेव्हा गठ्ठा राहू द्या म्हणाल्या. तो मी उचलला आणि मागच्या अंगणात तणसाच्या ढिगावर बसून दोन दुपारींत वाचून काढला.

नदीच्या सगळ्यात खोल डोहाखाली एक नगर आहे. माणसांच्या हातून पाण्यात पडलेलं सगळं तिथं जातं. बांगड्या, घंटा, पुरात वाहून गेलेले बैल, लेकरांची खेळणी. त्या नगराची राणी एक म्हातारी ढिवरीण आहे आणि ती जाळं विणत बसते. काठावरच्या प्रत्येक माणसाची त्या जाळ्यात एक गाठ आहे. गावातल्या एका मुलीच्या लक्षात येतं की माणसं एकमेकांना विसरू लागलीत. आई लेकीला ओळखत नाही, शेजारी शेजाऱ्याचं दार चुकतो. ती डोंगा, छोटी होडी, घेऊन डोहावर जाते, पाण्यात उतरते, तेव्हा तिला कळतं की गाठी सुटत चालल्यात. एवढीच गोष्ट. तिच्यात तलवार नव्हती, युद्ध नव्हतं. पण वाचता वाचता मी जेवायची विसरले. धरणाचं नाव त्यात एकदाही नव्हतं, आणि पानोपानी धरणच होतं. मला वाटलं, धावत जावं आणि कोणाला तरी सांगावं. माईला सांगायला गेले तर ती धान पाखडत होती. ती म्हणाली, पोरी, जेवली का तू.

एका संध्याकाळी मी कॉलेजातून परत आले तेव्हा कव्हर दोरीवर वाळत होतं. राणी गोरीपान, सोन्याच्या मुकुटातली, कंबरेखाली माशाची शेपटी, वर लक्ष्मीचं हसू. मागं नाटकातला राजवाडा, खांबांसकट. एका बाजूला मगरीवर बसलेला राक्षस, दुसऱ्या बाजूला सिंह, पाण्याखाली. वर चंद्र आणि सूर्य. माझ्या डोक्यात काय गेलं ते आज सांगता येणार नाही. मी बाबांना विचारलं, तुम्ही एक तरी पान वाचलं का. ते ब्रश धूत होते. रागावले नाहीत. त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि ते खरंच सांगायचं तर चुकीचं नव्हतं. एसटी सुटायच्या बेतात असते, म्हणाले, माणसाचा एक पाय पायरीवर असतो, तेवढ्यात त्याची नजर पुस्तकावर पडली पाहिजे. त्याला लांबून दिसलं पाहिजे. "काळी म्हातारी जाळं विनून राह्यली, हे पाहून कोन खिशात हात घालन?" मी म्हटलं, मी घालीन. ते म्हणाले, तुझ्याजवळ खिसा कुठं आहे.

मग मी त्यांच्या उरलेल्या रंगांत माझं चित्र केलं. आतल्या खोलीत, धानाच्या पोत्यावर पाटी ठेवून. डोहाच्या तळाशी बसलेली म्हातारी, आणि तिच्या मांडीवरून निघून कागदाच्या चारी कडांपर्यंत गेलेलं जाळं. बाकी नुसतं हिरवं-काळं पाणी. मला ते फार आवडलं होतं, पण राणीचे हात काही केल्या जमेनात. वांग्याला बोटं लावल्यासारखे दिसत होते. पुसून पुसून कागद खरवडला गेला.

पुढच्या बाजाराला विमलबाई कव्हर पाहायला आल्या. बाबांनी आपलं चित्र चिमटे काढून त्यांच्यासमोर धरलं. त्यांना त्याचा अभिमान होता. लाल रंग त्या वेळी खास नागपूरहून आणलेला होता. बाईंनी ते वरून खालपर्यंत पाहिलं. चांगलं आहे जी, म्हणाल्या. रंग चांगले आहेत. मग अगदी हळू, जणू स्वतःलाच विचारावं तसं म्हणाल्या, "हे कोन्या गावची होय?"

बाबा म्हणाले, राणी आहे, तुमचीच. बाईंचा चेहरा पाहून मला राहवलं नाही. मी आत गेले आणि माझा कागद आणून त्यांच्या हातात दिला. माय चुलीपासून उठून दारात आली. बाईंनी माझं चित्र आधी लांब धरलं, मग जवळ घेतलं, आणि जाळ्यावरून एक बोट फिरवत कागदाच्या कडेपर्यंत नेलं.

"हे हाय," त्या म्हणाल्या. आणि बाबांकडे वळून, फार आदरानं, "पेंटरभाऊ, पोरीनं बरोबर पाह्यलं. पन हात तुमचा पायजे जी."

बाबांनी ब्रश पाण्याच्या डब्यात ठेवला, चपला घातल्या आणि निघून गेले. जेवायलाही आले नाहीत. बाई अवघडून उठल्या, माईला काहीतरी म्हणाल्या आणि गेल्या. माईनं मला एवढंच विचारलं, "परक्या बाईसमोर काहून काढलं तू?" झिंगे-वांग्याची भाजी त्या दिवशी कोणी खाल्ली नाही. पुढचे कित्येक दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत. मी वाढलेलं जेवत, माझ्या हातून पाणी घेत, पण नजर भिंतीवर. दोरीवरची राणी तशीच लटकत होती आणि ओसरीतून जाताना आम्ही दोघंही तिच्याकडे पाहत नव्हतो.

मग एका सकाळी ते आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, खांद्याला पिशवी अडकवून माझ्यापुढं उभे राहिले. "चाल," म्हणाले. कुठं ते सांगितलं नाही. एसटीत बसल्यावर मला कळलं की आपण नदीकडे चाललोय.

फाट्यावर उतरून आम्ही पायदळ, चालत चालत गेलो. गावात शिरलो. दिवाळी नुकतीच झाली होती, तरी एकाही घराला नवी सारवण नव्हती. उडालेल्या कौलांच्या जागी तणस कोंबलेलं. उद्या जायचं की दहा वर्षांनी हेच माहीत नसेल तर भिंत कशाला लिंपायची, असं विमलबाई नंतर म्हणाल्या. माणसं दारात बसलेली होती, पण बसल्यासारखी नाही. कोणी हाक मारली की लगेच उठतील अशी. फक्त बालवाडीतली लेकरं मोठ्यानं काहीतरी घोकत होती. आज तिथून जाते तेव्हा धरणाच्या रस्त्यावरून नुसतं पाणी दिसतं, दूरपर्यंत, आणि ते गाव नेमकं कुठं होतं हे मला बोट दाखवून सांगता येत नाही. विमलबाईंना येतं.

त्यांनी आम्हाला पाहिलं तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं असेल, पण दाखवलं नाही. बाबांनी सांगितलं की त्यांना एक म्हातारं माणूस पाहिजे, जाळं विणणारं. बाईंनी आपल्या आईकडे बोट केलं. सरजाबाई दारातच बसली होती. पायाच्या अंगठ्यात जाळ्याचं टोक अडकवून फाटलेला भाग सांधत होती. बाबा तिच्यासमोर जमिनीवर बसले, कागद काढला, आणि थांबले. मला तेव्हा पहिल्यांदा समजलं की माझ्या बापानं आयुष्यात कधी जिवंत माणूस समोर ठेवून चित्र काढलं नव्हतं. कॅलेंडर पाहून काढलं होतं, दुसऱ्या पडद्यावरून काढलं होतं, मनानं काढलं होतं. त्यांनी एक रेघ ओढली, पुसली. पुन्हा ओढली. कपाळाला घाम आला. सरजाबाई एका जागी बसेल तर ना. मध्येच उठून कोंबड्या हाकलायची, मध्येच शेजारणीशी बोलायची, मध्येच बाबांना विचारायची की घरी धान किती झालं, बायको कुठली. बाबा एकदा उठले, नदीपर्यंत जाऊन आले, पुन्हा बसले. मला वाटलं आता कागद फाडतात. तेवढ्यात म्हातारीनं जाळं खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे टक लावून पाहिलं.

"काहून जी एवढं पाहून राहिले? लगनातही मले कोनी एवढं पाह्यलं नाही."

बाबा हसले. कितीतरी दिवसांनी हसले. विमलबाई हसल्या, शेजारीण हसली, आणि त्या हसण्यात बाबांचा हात सुटला. मग त्यांनी भराभर काढलं. तिच्या गुडघ्याची हाडं, अंगठ्यात ताणलेली दोरी, सुरकुतलेला गळा, आणि ते हात. ते हात मी शेजारी बसून पाहत होते. मला जे जमलं नव्हतं ते एकामागून एका रेघेत उतरत होतं. दुपारी विमलबाईंनी आम्हाला भात आणि मासोळ्यांचा आंबट रस्सा वाढला. बाबांनी दोनदा मागून घेतला. जाताना डोंग्यातून विमलबाईंनी आम्हाला डोहावर नेलं. पाणी काळं होतं आणि त्यावर काहीच हलत नव्हतं. बाबा कडेला वाकून आत पाहत राहिले. काही दिसते का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "नाही. तेच पाहून राहिलो."

घरी आल्यावर त्यांनी आधीचं चित्र दोरीवरून उतरवलं आणि नवं सुरू केलं. एरवी दोन दिवसांत कव्हर हातावेगळं करणारा माणूस या एका चित्रावर मंडईचे पडदे बाजूला ठेवून बसला. कंपनीचे लोक येऊन तगादा लावून गेले. जाळं माझ्या चित्रातलं होतं, कडेपर्यंत गेलेलं. राणी सरजाबाई होती. बाकी पाणी. किती मोठी जागा त्यांनी रिकामी सोडली होती. मी मधूनमधून पाहायची, कुठं कवटी तर येत नाही ना. झाल्यावर त्यांनी माईला बोलावलं. माय हात पुसत आली, चित्रापुढं वाकली आणि म्हणाली, "ही खरंच बसली हाय." बाबांच्या कामाबद्दल तिनं काढलेले एवढेच शब्द मला आठवतात.

चित्र घेऊन आम्ही दोघं नागपूरला गेलो. बाबांनी मला का नेलं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वाटेत भंडाऱ्यापुढच्या शहापूरला बस थांबली तेव्हा स्टँडच्या दुकानात सुतळीवर पुस्तकं टांगलेली दिसली. त्यात बाबांची तीन-चार होती. रक्त ठिबकणारी नावं खिडकीतूनसुद्धा वाचता येत होती. एक माणूस धावत आला, एक ओढून घेतलं, पैसे टाकले आणि आमच्याच बसमध्ये चढला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. जिंकल्याचं काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. उलट त्यांनी मांडीवरचं गुंडाळलेलं चित्र आणखी घट्ट धरलं.

प्रकाशक भला माणूस होता. आम्हाला चहा दिला, माझी चौकशी केली, चित्र पूर्ण उघडून पाहिलं. फार चांगलं आहे, म्हणाले, पण हे शाळेच्या पुस्तकासारखं वाटतं. मग आम्हाला आतल्या खोलीत नेलं. तिथं एक तरुण मुलगा कॉम्प्युटरवर बसला होता. पडद्यावर विमलबाईंच्या पुस्तकाचं कव्हर तयार होतं. सोनेरी केसांची कोणी परदेशी पोरगी, हातात तलवार, अंगावर लोखंडी चोळी. मागं बर्फाचे डोंगर. खाली पाण्यातून तोंड काढलेला समुद्रातला मोठा मासा, दातांच्या दोन रांगांचा. पोरीच्या अंगावर उजेड डावीकडून आणि माशावर उजवीकडून. नाव पेटलेल्या अक्षरांत, आणि ती आग पाण्यात.

मला हसू यायला हवं होतं. आमच्या घरच्या सिंहापेक्षा हे किती पटींनी वाईट होतं. पण मी बाबांकडे पाहिलं. ते वाकून पडद्याच्या अगदी जवळ गेले होते. हा डोंगर कुठला, असं त्यांनी त्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, तयार चित्रांच्या सीडीत होता काका. बाबा सरळ झाले.

"शेठ, हे पुस्तक वाचलं का जी तुमी?"

प्रकाशक हसले. "पेंटर, तुम्ही कधी वाचत होते?"

"नाही जी. म्हनून तं विचारून राहिलो."

मुलगा उगाच माऊस हलवत राहिला. मग प्रकाशकांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की आता यापुढं सगळी कव्हरं इथंच होणार, वेळ बदलली, वाईट वाटून घेऊ नका. बाबांनी चित्र पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळलं. सुतळी मी बांधली.

परतीच्या बसमध्ये भंडारा आल्यावर ते एकदम म्हणाले, "बरफ टाकलं त्यानं वैनगंगेत." आणि थोड्या वेळानं, खिडकीबाहेर पाहत, "तुले शिकाचं हाय न? जाय. पन ते मशीनही शिकून घेजो. नाही तं सारं त्या पोट्ट्याच्याच हातात राहीन." इतके महिने मी ज्या एका शब्दासाठी जीव टाकला होता तो असा, धक्के खाणाऱ्या बसमध्ये, हरलेल्या माणसाच्या तोंडून आला. मला आनंद झाला आणि तो कुठं ठेवावा कळेना. पुढं मी नागपूरला गेले, शिकले, ते मशीनही शिकले. पहिली नोकरी मला तसल्याच एका खोलीत लागली, आणि तिथं मीही बर्फाचे डोंगर चिकटवले. त्यातून बाहेर यायला बराच काळ गेला. पण तो सगळा पुढचा भाग.

पुस्तक उन्हाळ्याच्या तोंडाशी आलं. विमलबाई एक प्रत घेऊन आईसकट आमच्याकडे आल्या. त्यांना काय वाटलं असेल या भीतीनं मी आदले दोन दिवस घरभर येरझाऱ्या घातल्या होत्या. पुस्तक त्यांनी माईच्या हातात दिलं. माईनं ते पाहिलं आणि सरजाबाईकडे सरकवलं. म्हातारीनं ते उजेडात धरलं, त्या तलवारवाल्या पोरीकडे आणि तिच्या मागच्या बर्फाकडे पाहिलं. "थंडीनं मरन बिचारी," म्हणाली, आणि पुस्तक पदराखाली झाकून ठेवलं. विमलबाई इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. माईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि सांगितलं की आत एक अक्षरही बदललेलं नाही, त्यांनी सगळं तपासलं. पुस्तक स्टँडवर विकलं जात होतं. ज्यांना तलवार पाहिजे होती त्यांच्या हातात डोह पडत होता, याचं त्यांना वाईट वाटत होतं की बरं, हे त्यांनाही ठरवता येत नव्हतं. बाबांनी त्यांचं चित्र सरजाबाईला देऊन टाकलं. गाव उठलं तेव्हा ते चित्र सामानाबरोबर नव्या वसाहतीत गेलं. आजही त्यांच्या घरात आहे.

प्रत मात्र आमच्याकडे राहिली आणि ती बाबांनी वाचायला घेतली. त्यांना वाचनाची सवय नव्हती. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, दुपारच्या उन्हात ओसरीत बसून एक-दोन पानं. मध्येच थांबून समोरच्या रिकाम्या दोरीकडे बघायचे. आंब्याला पाड लागला, पाड उतरला, तरी ते वाचतच होते. मी नागपूरला जायच्या तयारीत होते, ट्रंक भरलेली होती, आणि एका संध्याकाळी त्यांनी पुस्तक मिटलं आणि मला विचारलं की पुढचं कुठं आहे. मी म्हटलं, संपलं. राणीच्या हातात सुटा धागा आहे, मुलगी तिच्याकडे पाहतेय, तिथंच संपतं. त्यांना ते पटलं नाही. जेवले, पण लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेता पहिल्या एसटीनं निघून गेले. कुठं गेले ते आम्हाला विचारावं लागलं नाही.

दुपारी आले ते घामानं निथळत. माईनं भात वाढला. मी विचारलं, काय म्हणाल्या बाई, जाळं पूर्ण होतं की नाही. बाबांनी पहिला घास हातात तसाच धरला.

"मलेच विचारलं तिनं. म्हने, पेंटरभाऊ, तुमाले काय वाटते." ते माझ्याकडे वळले. "एवढे दिवस कव्हरं केले, मले असं कोनी विचारलं नाही."

आणि ते सांगू लागले. घरात चार शब्दांवर पाचवा न बोलणारा माणूस सांगत राहिला. राणी डोहात एकटी राहत नाही, म्हणाले. पाणी वाढते तसं तिला कळते की वरचे सगळे लोक गेले. मग ती जाळं गोळा करते, खांद्यावर टाकते आणि काठावर येते. कोण कुठं गेलं ते विचारत निघते. एका घरी जाते, त्याची गाठ बांधते. मग दुसऱ्या घरी. सगळ्यांच्या घरी. ताटातला भात निवून गेला, माश्या बसू लागल्या, तरी माईनं त्यांना टोकलं नाही. शेवटी तिनं विचारलं ते एवढंच.

"एवढी म्हातारी? पायदळ?"

बाबांनी त्यावर खरोखर विचार केला. घास पुन्हा ताटात ठेवला.

"हो, पायदळच," ते म्हणाले. "घाई नाही तिले."